ना तुमची तार, ना माझा सोलेनॉइड

रावकाका,

गाडी दुरुस्त झाली. बिघाड ना तुमच्या तारेत निघाला, ना माझ्या सोलेनॉइडमध्ये. दोघंही सपशेल तोंडघशी पडलो. हेच सांगायला मी त्या शनिवारी अड्यारला तुमच्या गॅरेजच्या शेडवर आले होते. शोळिंगनल्लूरपासून रस्ताभर वाक्यं जुळवत होते, म्हणजे माझी माफीही मागून होईल आणि तुमचीही थोडी जिरेल. नुसती माफी मागण्याइतकी मी भली नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुमचं शटर खाली होतं आणि शटरवर तुमचा फोटो होता. मोठा, रंगीत, कोटातला. तुमच्याकडे कोट आहे हेच मला माहीत नव्हतं. खाली तमिळमध्ये ठळक अक्षरं. चार वर्षं चेन्नईत काढून मला तमिळ कामापुरतं बोलता येतं, वाचण्याच्या नावानं शंख. आणि या शहरात भिंतीवर कुणाचाही फोटो लागतो. लग्न असो, कान टोचणं असो की पुढाऱ्याचा वाढदिवस. मला वाटलं, काकांची सत्तरी केलेली दिसते कुणीतरी. मी हसले, काका. मोबाइल काढून त्या पोस्टरचा फोटोसुद्धा घेतला, पुढं चिडवायला कामी येईल म्हणून. मग शेजारच्या चहावाल्याला विचारलं, राव सार कुठे आहेत? तो म्हणाला, "पोयिट्टारु." गेले. मी विचारलं, "कुठे?"

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला आणि पोस्टरवरची तारीख बोटानं दाखवली. त्या दिवशी तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुसवत नाही आणि बघवतही नाही.

आपली ओळखच एक-दोन-तीनवर झाली. मी नुकती साताऱ्याहून इकडे आले होते. ऑफिसात दिवसभर नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सना कधी कुठला गिअर टाकायचा हे कम्प्युटरवरून शिकवायचं, आणि स्वतःला मात्र घेतली चौदा वर्षांची म्हातारी ऑटोमॅटिक, कारण माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसत नाही. ती सकाळी सुरू केली, दांडी ‘डी’वर टाकली, की जागची हलायची नाही. दोन-तीन सेकंद विचार करायची आणि मग धाडकन धक्का देऊन उठायची. कुणीतरी सांगितलं, जुन्या ऑटोमॅटिकला हात लावणारा अड्यारमध्ये एकच म्हातारा उरलाय. मी आले. तुम्ही तमिळमध्ये बोलत होता, मी इंग्रजीत. तुम्ही मला स्टीअरिंगवर बसवलंत आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलात. मला वाटलं, म्हातारा भलताच शिष्ट दिसतोय. तुम्ही हातानं खुणावलंत, ब्रेक दाबून धर, दांडी खाली घे. मी घेतली. आणि मागून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "एक... दोन... तीन..." आणि धक्का बसला.

मी गर्रकन वळले. "तुम्ही मराठी?" तुम्हीही त्याच क्षणी विचारलंत, "तू मराठी की?"

मग तुम्ही सांगितलंत की तुमची माणसं तंजावरला येऊन तीनेकशे वर्षं झाली, तुम्ही स्वतः महाराष्ट्र एकदाही पाहिलेला नाही, आणि दुकानात अवघं तमिळच, पण मोजताना मात्र आईनं शिकवलेलं तेच तोंडात येतं. तुम्ही ‘सगळं’ला ‘अवघं’ म्हणत होता, ‘छान’ला ‘चोखट’. आमच्याकडे जे शब्द फक्त पोथीत उरलेत ते तुम्ही गिअर ऑइलच्या हातांनी वापरत होता. मला इतकं भरून आलं की मी गाडीचं विसरूनच गेले. तुम्ही नाही विसरलात. गाडीखाली जाऊन तेल थंड करणाऱ्या नळीची गळती शोधलीत, नळी बदललीत, तेल भरलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा मोजायला लावलंत. ‘एक’ पुरा म्हणायच्या आत गाडी पुढं सरकायला बघत होती.

त्यानंतर दर शनिवारी मी येत राहिले. गाडीला काही झालेलं असो वा नसो. लोकांना देऊळ असतं, मला तुमचं शेड होतं. जे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही ते तुम्ही सांगितलंत. पुढच्या सीटवर बसून बिघाड ऐकू नये, कारण समोर काटे दिसतात आणि माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो. मागं बसावं. तेलाची कांडी बाहेर काढली की तुम्ही ती जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, पांढऱ्या फडक्यावर टेकवायचा. तांबडा डाग म्हणजे बरं चाललंय. काळपट आणि करपलेला वास म्हणजे आतल्या चकत्या जळताहेत. गुलाबी, दुधासारखा डाग म्हणजे आत पाणी शिरलंय, आणि पूर येऊन गेला की तुमच्याकडे असे गुलाबी डाग घेऊन रांग लागायची. त्या गाड्यांच्या मालकांशी तुम्ही फार हळू आवाजात बोलायचा.

आणि त्या कांडीवरूनच आपला खेळ सुरू झाला. तुम्ही मला म्हणालात, "मीनलबाई, तेल सूड असताना बघायचं." मी म्हटलं, "कुणाचा सूड घ्यायचाय?" तुम्हाला कळेना. तमिळमध्ये ‘सूडु’ म्हणजे गरम, हे मलाही कळेना. चहावाल्यानं येऊन सोडवलं तेव्हा आपण दोघं बॉनेटला धरून हसलो. तेव्हापासून तुमच्या वाक्यात तमिळ शब्द आला की मी बोट वर करायचे. दोन आले की दोन बोटं. एकदा तर दोन्ही हात वर करून उभी राहिले. तुम्ही म्हणायचा, "पोलिसाला शरण आलीस की?" मी तुम्हाला ‘बाई’ म्हणू नका म्हणून कंटाळले, शाळेतल्या बाई झाल्यासारखं वाटतं म्हणून. ते तुम्ही कधी ऐकलं नाहीत. तमिळ शब्दांचं मात्र मनावर घेतलंत. पुढं पुढं तुम्ही बोलताना मध्येच थांबायला लागलात, शब्द तोंडाशी आणून गिळायचा आणि त्याच्या जागी दुसरा शोधायचा. ‘अप्पुरम’ जाऊन ‘मग’ आला. ‘सरी’ जाऊन ‘बरं’ आला. मला गंमत वाटायची. सत्तरीच्या माणसाला आपण आपल्याच भाषेत अडखळायला लावतोय, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

आता आपल्या भांडणाच्या शनिवारचं सांगते. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गाडीनं नवंच नाटक सुरू केलं होतं. तासभर गर्दीत चालून तापली की एकदम मेंगळट व्हायची. सिग्नल सुटला तरी उठायचं नाव नाही, जणू थांबल्या जागेवरून थेट तिसऱ्या गिअरमध्ये निघालीय. समोर एक दिवा लुकलुकायचा. बंद करून पुन्हा चालू केली की साळसूद. मी ऑफिसातला स्कॅनर आणून लावला. त्यानं सोलेनॉइडकडे बोट दाखवलं. सोलेनॉइड म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटातली विजेवर उघडझाप करणारी छोटी झडप. ती अडली की गिअर अडतो. सरळ हिशेब. तुम्ही स्कॅनरकडे बघितलंतही नाही. मागच्या सीटवर बसून दोन चकरा मारल्यात आणि म्हणालात, पोटात काही नाही, कुठंतरी अर्थिंगची तार समुद्राच्या वाऱ्यानं खाल्लेली असणार, दोन दिवस गाडी ठेव.

माझ्याकडे दोन दिवस नव्हते. सोमवारी आईला रेल्वे स्टेशनवरून आणायचं होतं, आठवडाभर तिला देवळं दाखवायची होती. पण ते मी बोलले नाही. बोलले ते वेगळंच. तिथं तीन गिऱ्हाइकं उभी होती, चहावाला उभा होता, आणि मी मराठीत, पण सगळ्यांना सूर कळेल अशा आवाजात म्हणाले, "काका, कानानं गिअरबॉक्स बघायचे दिवस गेले. तुम्हाला हा स्कॅनर वाचता येत नाही, म्हणून तुम्ही सारखं तार तार करताय. मी दुसरीकडे नेते गाडी."

तुम्ही फडक्याला हात पुसलेत. बराच वेळ पुसलेत. काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, थांबलात, आणि मग अगदी स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून म्हणालात, "पर्वा नाही."

मी हादरले. आमच्याकडे ‘पर्वा नाही’ म्हणजे गेलीस उडत. तू आलीस काय आणि नाही आलीस काय, मला काय फरक पडतो. माझ्या बोलण्याला ते उत्तर सव्याज होतं, त्यामुळे तर जास्तच झोंबलं. मी गाडीत बसले, दार आपटलं आणि निघाले. आरशात बघितलं नाही.

मग माझा बाणा सुरू झाला. मी मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी सोलेनॉइड बदलला. आठ दिवसांनी तेच. त्यांनी मग झडपांचा अख्खा ठोकळा बदलला. पुन्हा तेच. तेव्हा ते म्हणाले गिअरबॉक्सच नवा घाला, आणि मी गाडी घरी आणली. घरच्या पार्किंगमध्ये, तुम्हाला न सांगता, मी तुमची तार तपासली. गंजली होती खरंच. घासून लख्ख केली. दोन दिवस गाडी अशी चालली की काय सांगू, आणि मी दोन दिवस जेवले नाही नीट, इतकी चडफडत होते. तिसऱ्या दिवशी तोरैपाक्कमच्या सिग्नलला ती पुन्हा मेंगळटली. मागून बसवाला हॉर्न वाजवतोय आणि मी स्टीअरिंगवर हात मारून मोठ्यानं म्हणतेय, "बघा! तार नव्हती!" मला आनंद झाला होता, काका. गाडी अडली म्हणून नाही, तुम्ही चुकलात म्हणून. ही गोष्ट लिहितानाही कान तापताहेत.

शेवटी सापडलं ते तुमच्याच पद्धतीनं, पण तुम्ही सांगितलेल्या जागी नाही. मी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि दांडी एकेक घर खाली घेत गेले, मुंगीच्या पावलानं, तुम्ही मला नेहमी ओरडायचा तसं सावकाश. समोरचे दिवे बघत. ‘डी’वर आल्यावर दांडीला बोट लावलं तर समोरचा ‘डी’चा दिवा विझला. बोट काढलं, लागला. दांडी कुठल्या घरात आहे हे गाडीच्या कम्प्युटरला सांगणारा एक स्विच असतो, गिअरबॉक्सच्या कुशीला बाहेरून लावलेला. त्यात पाणी जाऊन पिना हिरव्या झाल्या होत्या. तापलं की त्या खोटं बोलायच्या, कम्प्युटर घाबरायचा आणि सांभाळून म्हणून तिसरा गिअर धरून बसायचा. स्विच काढला, साफ केला, खुणेला खूण लावून बसवला. दोन आठवडे गर्दीत चालवून खात्री केली. आणि त्या दोन आठवड्यांतच तुम्ही गेलात. मी खात्री करत बसले नसते, लगेच आले असते, तर... पण ते आता पुरे.

चहावाल्यानं मला घर दाखवलं. तुमच्या शेडमागच्याच गल्लीत, एवढ्या वर्षांत मी कधी गेले नव्हते. काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि मी कोण हे सांगायच्या आत म्हणाल्या, "मीनलबाई की? ये मा, आत ये." मला रडू आवरेना. मी कशीबशी म्हणाले, "काकू, मला कळलंच नाही. यायला फार उशीर झाला."

त्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "परवायिल्लै मा. परवायिल्लै."

हा शब्द मी चेन्नईत रोज ऐकते. रिक्षावाला म्हणतो, ऑफिसातला शिपाई म्हणतो, भाजीवाली म्हणते. असू दे. चालायचंच. मनाला लावून घेऊ नकोस. मला त्याचा अर्थ चार वर्षं माहीत आहे. आणि काका, माझं रडणं एकदम थांबलं. मी काकूंना विचारलं, "ह्याला मराठीत काय म्हणायचं?"

त्यांना वाटलं असेल, हिला दुःखानं वेड लागलं. पण त्यांनी सांगितलं. "पर्वा नाही, म्हणायचं. ह्यांनीच घरात चालू केलं होतं. मीनलबाईपुढं तमिळ नको, तिची बोटं वर जातात म्हणायचे. माझ्याशी आधी बोलून बघायचे, अप्पुरम तुझ्याशी."

म्हणजे भर चारचौघांत मी तुमचा पाणउतारा केला, आणि तुम्ही मला म्हणत होता, असू दे पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. तोंडाशी आलेला सोपा, गोड, रोजचा शब्द तुम्ही माझ्यासाठी गिळलात, माझ्या बोटांना भिऊन, आणि त्याच्या जागी माझ्या भाषेतला ठेवलात. माझी भाषा मला येते असा माझा तोरा होता. तुम्ही गेल्यावर मला त्या दोन शब्दांचा अर्थ कळला, तोही तमिळमधून.

तुमच्यावरही मी चिडले आहे, हे सांगून टाकते. एक फोन करता आला नसता का? पण तुमचा तो नियम. गाडीवाल्याला आपण होऊन फोन करू नये, मेकॅनिकचा फोन म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. मी काय नुसती गाडीवाली होते का? हा वाद आता कुणाशी घालू?

उठताना मी मनाचा हिय्या करून काकूंना विचारलंच. "ते माझ्यावर फार रागावले होते का?"

"राग? कशाला मा?"

"आमचं भांडण झालं होतं."

काकूंना खरोखरच काही माहीत नव्हतं. "भांडण? तसं काही बोलले नाहीत की. मीनलबाई गाडी मोठ्या दुकानाला दाखवून आणते, म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवावं, चोखटच, म्हणाले. शनिवारी येईल." मग त्यांनी आतल्या फळीकडे मान वळवली. तिथं तुमचा स्टीलचा फ्लास्क पालथा घातलेला होता. त्यातली कॉफी मी दर शनिवारी पीत आले. ती घरून कोण देतं, किती देतं, याचा कधी विचार केला नव्हता. "नऊ शनिवार दोघांची कॉफी घालून नेली त्यांनी. अर्धी तशीच परत यायची. मी म्हणायची, ती येत नाही तर कशाला नेता? तर म्हणायचे, तिला ऑफिसात काम असेल, अचानक आली तर?" आणि मग माझा हात धरून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "काम फार होतं की मा तुला?"

मी हो म्हणाले.

काका, रुसवा माझा एकटीचाच होता. तुम्ही रागावला असतात, तर एकट्यापुरतीच कॉफी नेली असतीत.